दोघांची बाईक, आतले रस्ते, एक दिवस: पहिल्यांदा निघणाऱ्यांसाठी

एकट्याने बाईकवर दिवसभर भटकण्याची सवय असली तरी डबलसीट भटकणं वेगळं असतं. समजा बाईक १५० किलोची आणि चालवणारा ७५ किलोचा. मागे ६५ किलोचा जोडीदार बसला की एकूण वजन जवळजवळ ३० टक्क्यांनी वाढतं. हे वाढीव वजन बहुतेक सगळं मागच्या चाकावर येतं आणि तेही उंचावर. त्यामुळे ब्रेकचं अंतर, वळणातलं वागणं, चढावरचा दम, टायरमधली हवा, हेडलाइटचा झोत सगळंच बदलतं.

त्यात मागे बसणाऱ्याला पुढचा खड्डा दिसत नाही, धरायला हँडल नसतं, आणि बऱ्याच बाईकवर मागची गादी पातळ असून ती जवळजवळ मागच्या चाकावरच येते. पुढच्याला जो धक्का जेमतेम जाणवतो तो मागच्याच्या थेट कमरेत जातो. म्हणून दिवसाचा सगळा हिशेब मागच्या सीटवरून मांडायचा. किती अंतर, किती वेग, कुठे थांबायचं हे मागच्याला झेपेल तसं ठरवा.

रस्ता ठरवणं

आतल्या रस्त्यांवर गाडी सुरू असतानाचा सरासरी वेग ताशी ३५ ते ४० किलोमीटरच्या वर सहसा जात नाही. सकाळी आठला निघून संध्याकाळी पाचला परतायचं म्हटलं तर हातात नऊ तास असतात. जेवण, फोटो, नुसतं बसणं यात साडेतीन-चार तास जातात आणि जायलाच हवेत. उरले पाच तास, म्हणजे १७५ किलोमीटर. पहिल्यांदाच निघत असाल तर १२० वरच थांबा. नकाशाच्या ॲपने दाखवलेल्या वेळेत एक तृतीयांश वाढवून धरा. अरुंद, खराब रस्त्यावर ॲपचा अंदाज हमखास चुकतो.

ॲपचा आणखी एक दोष म्हणजे दोन मिनिटं वाचवायला ते शेतातल्या बैलगाडीच्या वाटेवरही नेऊन सोडतं. त्यामुळे आदल्या रात्री उपग्रह चित्रात सगळा मार्ग मोठा करून पाहा. डांबर गडद करडं दिसतं, कच्चा रस्ता मातीच्या रंगाचा. मधली तीन-चार ठिकाणं थांबे म्हणून टाकली की ॲप परस्पर मार्ग बदलत नाही. नकाशा फोनमध्ये उतरवून ठेवा, कारण चांगल्या आडरस्त्यांवर नेटवर्क असेलच असं नाही.

शक्य असेल तर सकाळी पश्चिमेकडे जा आणि संध्याकाळी पूर्वेकडे परता. दोन्ही वेळा सूर्य पाठीशी राहतो आणि तिरप्या उन्हात समोरचा रस्ता उजळलेला दिसतो. यात एक गोम आहे. ऊन तुमच्या पाठीशी म्हणजे समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांवर. तुमची सावली लांब होऊन पुढे पडलेली दिसली की समोरच्याला तुम्ही नीट दिसत नाही असं धरा, हेडलाइट चालू ठेवा आणि वळून तुमच्या आडवा येऊ शकेल अशा प्रत्येक गाडीबाबत सावध राहा.

पेट्रोलचं गणित सोपं आहे. टाकी निम्मी झाली आणि पंप दिसला की भरायचं. डबलसीट, चढाचे रस्ते आणि सारखे बदलणारे गिअर यामुळे मायलेज नेहमीपेक्षा कमी पडतं, त्यामुळे रोजच्या आकड्यावर विसंबू नका. सबंध मार्गावर घरी लवकर पोहोचवणारा एखादा मोठा रस्ता जिथे आडवा येतो ती जागाही आधीच हेरून ठेवा. पाऊस, पाठदुखी, कंटाळा, काहीही झालं तरी तिथून सुटका होते.

आदल्या दिवशी बाईकवर एक तास

आधी बाईकच्या पुस्तिकेत कमाल भार किती दिलाय ते पाहा. बऱ्याच मध्यम बाईकना तो १५० ते १८० किलोच्या आसपास असतो आणि त्यात दोघं, हेल्मेट, जॅकेट, सामान सगळं आलं. दोघांचं वजन मिळूनच १५५ भरत असेल तर सामानाला किती जागा उरते हे उघड आहे.

मग हवा. चेन कव्हरवर, स्विंगआर्मवर (मागचं चाक धरणारा, खालीवर हलणारा दांडा) किंवा पुस्तिकेत दोन आकडे असतात, एकट्यासाठी आणि दोघांसाठी. दोघांसाठी मागच्या टायरचा आकडा साधारण २ ते ६ पीएसआयने जास्त असतो, पुढचा बहुधा तोच राहतो. हवा टायर थंड असताना मोजायची. पंपापर्यंत दहा किलोमीटर गाडी पळवून मोजलीत तर काटा दोन-चार पीएसआय जास्त दाखवतो, तुम्ही हवा सोडता आणि दिवसभर कमी हवेवर फिरता. कमी हवेचा टायर डबलसीटच्या वजनाखाली जास्त दबतो, तापतो, आणि वळणात मागची बाजू डुलल्यासारखी वाटते. टायरची नक्षी २ मिलिमीटरच्या खाली गेली असेल तर आधी टायर बदला.

नवखे लोक मागच्या शॉकअपला सहसा हात लावत नाहीत, पण सगळ्यात मोठा फरक तिथेच पडतो. जोड शॉकअप असतील तर स्प्रिंगच्या खाली खाचांची कडी असते. हुकाच्या आकाराच्या पान्याने ती फिरवून स्प्रिंग आधीच थोडी दाबून ठेवता येते. एकट्यासाठी ती पहिल्या-दुसऱ्या खाचेवर असेल तर दोघांसाठी दोन खाचा वर घ्या आणि दोन्ही बाजूंना एकच खाच ठेवा. हे न केल्यास मागची बाजू बसते, गतिरोधकावर शॉकअप टोकाला जाऊन धाडकन आपटतो, वळणात स्टँड किंवा सायलेन्सर रस्त्याला घासतो आणि पुढचं चाक हलकं पडून हँडल सैल वाटतं. हेडलाइटचा झोतही वर जातो. जोडीदाराला बसवून भिंतीसमोर तो पाहा, वर गेला असेल तर स्क्रूने खाली घ्या.

चेन ढिली किती हवी ते पुस्तिकेत असतं. रस्त्यावरच्या बहुतेक बाईकना खालच्या बाजूच्या मध्यावर २५ ते ३५ मिलिमीटर खालीवर व्हायला हवी. चेन सगळीकडे सारखी झिजत नाही, म्हणून चाक फिरवत सगळ्यात घट्ट जागा शोधा आणि तिथे मोजा. दोघं बसल्यावर स्विंगआर्म वर येतो आणि चेन आणखी ताणली जाते. मुळातच घट्ट असेल तर ती गिअरबॉक्सच्या शाफ्टवर आणि बेअरिंगवर ओढ टाकते. थोडी ढिली चालेल, घट्ट नको.

ब्रेक पॅड पाहा. ब्रेक ऑइल दोन वर्षांहून जुनं असेल तर घाटाच्या सहलीआधी बदला. ते हवेतलं पाणी शोषतं आणि त्याचा उत्कलनबिंदू उतरतो. नव्या डॉट ४ (ब्रेक ऑइलचा एक दर्जा) ऑइलसाठी किमान मर्यादा २३० अंश सेल्सिअस आहे, पाणी मुरलेल्यासाठी १५५. लांब उतारावर हा फरक थेट लिव्हरवर कळतो.

सामान आणि कपडे

जड वस्तू खाली आणि पुढे. टाकीवरची छोटी बॅग किंवा दोन्ही बाजूंच्या बॅगा उत्तम. मागच्या कॅरिअरवर मात्र हलकंच सामान, कारण मागच्या आसाच्या पलीकडे ठेवलेलं वजन पुढचं चाक उचलू पाहतं आणि वेगात हँडल थरथरतं. कॅरिअरवर पाचेक किलो पुष्कळ झालं, बाईकवर त्याहून कमी आकडा लिहिला असेल तर तो पाळा. चालवणाऱ्याच्या पाठीवर सॅक नको, ती जोडीदाराच्या छातीत रुतते. जोडीदाराच्या पाठीवर असेल तर हलकी हवी आणि पट्टे इतके लांब की सॅकचा तळ सीटवर टेकेल.

हेल्मेट दोघांनाही सारख्याच दर्जाचं. मागच्याला स्वस्तातलं हा प्रकार फार दिसतो आणि त्याला काहीही अर्थ नाही. दोघांना पूर्ण बोटांचे हातमोजे, घोटा झाकणारे बूट, जाड पँट. बुटाच्या नाड्या आत खोचा. स्कार्फ, ओढणी, जॅकेटचा लोंबता पट्टा चेनमध्ये किंवा चाकात गेला तर माणूस खाली ओढला जातो, तेव्हा सुटं काहीही नको. सायलेन्सरकडच्या पायाची पोटरी झाकलेली हवी, भाजण्याचे प्रकार बहुतेक चढता-उतरताना होतात. वारा अडवणारा एक पातळ कपडा जवळ ठेवा. १८ अंशांची आल्हाददायक सकाळ चालत्या बाईकवर तासाभरात गारठवते.

हत्यारांत पंक्चर किट, छोटा पंप, बाईकसोबत आलेले पाने, दोन फ्यूज, केबल टाय, चिकटपट्टी, टॉर्च. प्रथमोपचाराची पिशवी जोडीदाराच्या हाताशी असू द्या. दोन लिटर पाणी. कागदपत्रं, आणि दोघांच्या खिशात रक्तगट व घरचा नंबर लिहिलेली चिठ्ठी.

मोकळ्या मैदानात वीस मिनिटं

घाटात शिकण्यापेक्षा मैदानात शिका. क्रम असा ठेवा.

१. बसणं. चालवणारा आधी बसतो, दोन्ही पाय जमिनीवर, पुढचा ब्रेक दाबलेला, साइड स्टँड वर. तो ‘बस’ म्हणेपर्यंत जोडीदाराने हात लावायचा नाही. मग डावीकडून, खांद्यावर हात ठेवून पाय पलीकडे टाकायचा. सीट फारच उंच असेल तर फूटरेस्टवर चढा, पण आधी सांगून. न सांगता फूटरेस्टवर भार टाकला की उभी बाईक डावीकडे कलंडते. उतरतानाही तेच, परवानगी मिळाल्याशिवाय हालचाल नाही.

२. सुटणं आणि थांबणं, दहा वेळा. थांबल्यावर जोडीदाराचे पाय फूटरेस्टवरच राहतात. मदत म्हणून पाय खाली टेकवला की तोल जातो आणि पाय बाईकखाली सापडू शकतो.

३. मोठं आठ. पायी चालण्याच्या वेगाने, मागचा ब्रेक किंचित दाबून आणि अर्ध्या क्लचवर. उंचावर वाढलेलं वजन इथे पहिल्यांदा जाणवतं.

४. ताशी ३० ते ४० वेगावरून, आधी सांगून, जोरदार ब्रेक. जोडीदाराने गुडघ्यांनी पुढच्याच्या कमरेला आवळायचं आणि एक हात टाकीवर टेकवायचा, नाहीतर सगळा भार चालवणाऱ्याच्या मनगटांवर येतो आणि ऐन वेळी हँडल हातात राहत नाही.

खुणाही इथेच ठरवा. इंटरकॉम असेल तर छान, नसेल तर खांद्यावर एक थाप म्हणजे हळू, दोन म्हणजे पुढच्या बऱ्या जागी थांब, सलग थापा म्हणजे आत्ता थांब. चालवणाऱ्याने मोठा खड्डा किंवा गतिरोधक दिसला की डावा हात क्षणभर मांडीवर आपटायचा. एवढी खूण मागच्याची कंबर वाचवते.

गिअर आणि ब्रेक

हेल्मेटला हेल्मेट आपटत असेल तर चूक बहुतेक वेळा पुढच्याची असते. ॲक्सिलरेटर एकदम सोडून मग क्लच दाबला की बाईक क्षणभर अडते आणि मागचा पुढे येतो. क्लच आणि ॲक्सिलरेटर एकाच वेळी हलवा, क्लच सोडताना ॲक्सिलरेटर किंचित आधी उघडा आणि गिअर थोड्या कमी आरपीएमवर बदला. खालचा गिअर टाकताना ॲक्सिलरेटरला हलकी चुटकी दिली तर झटका बसत नाही.

ब्रेकची सुरुवात मागच्या ब्रेकने, हलकेच. बाईक बसते, मग पुढचा वाढवत न्यायचा. डबलसीटमध्ये मागच्या चाकावर भार जास्त असल्याने मागचा ब्रेक एकट्याच्या तुलनेत खूपच कामाला येतो, पण जोर अजूनही पुढचाच. थांबण्याआधीच्या शेवटच्या मीटरमध्ये लिव्हर थोडी सैल करा, म्हणजे डोकं पुढे जाऊन मागे येत नाही.

वळणं

जोडीदाराला एकच सूचना पुरते: वळण ज्या बाजूला, त्या बाजूच्या खांद्यावरून पुढे बघ. तसं पाहिलं की शरीर आपोआप बाईकबरोबर कलतं. घाबरून उलट बाजूला कललं तर त्याच वळणाला बाईक आणखी झुकवावी लागते आणि आधीच दबलेल्या बाईकचा स्टँड घासतो. वळणाच्या मधोमध जागा बदलणं, फोटोसाठी मागे वळणं बंद.

चालवणाऱ्याने वेग वळणाआधी कमी करायचा आणि वळणात ॲक्सिलरेटर हलका, स्थिर. न दिसणाऱ्या वळणात आपल्या लेनच्या आत राहा, तेही मधल्या रेषेपासून दूर. चाकं आपल्या बाजूला असली तरी झुकलेल्या बाईकवर डोकी रेषेपलीकडे जातात, समोरून बस आली तर तेवढंच पुरतं.

वेगाचा नियम: दिसतंय तेवढ्यात थांबता यायला हवं. एकेरी रुंदीच्या रस्त्यावर मात्र दिसतंय त्याच्या निम्म्यात, कारण समोरच्यालाही थांबायला जागा लागते. दोघं बसलेले, कोरडं डांबर, प्रतिक्रियेला एक सेकंद असं धरलं तर ताशी ४० ला सुमारे २५ मीटर लागतात आणि ६० ला सुमारे ४५. म्हणजे एकेरी रस्त्यावर ६० ने जायला ९० मीटर मोकळे दिसायला हवेत. झाडाझुडपांच्या वळणावर तेवढे कधीच दिसत नाहीत.

आतल्या रस्त्यांची वैशिष्ट्यं

खडी कुठे असते ते ठरलेलं आहे. गाड्यांची चाकं दोन पट्टे साफ ठेवतात, तर मधली पट्टी, कडा आणि वळणाची बाहेरची बाजू इथे खडी साठते. साफ पट्ट्यातून चला. खडीत शिरलातच तर पुढचा ब्रेक सोडा, बाईक सरळ करा, ॲक्सिलरेटर अगदी थोडा, नजर लांब. जोडीदार गच्च पण शांत. कच्च्या वाटा डांबराला मिळतात तिथे ट्रॅक्टरने आणलेली माती असते आणि ती ओली असेल तर तेलासारखी निसरडी होते.

डांबराची तुटलेली कड हा फार दुर्लक्षित धोका आहे. समोरून मोठी गाडी आली म्हणून साइडपट्टीवर उतरायचं तर आधी वेग अगदी कमी करा. परत वर येताना कडेला समांतर चढू नका, चाक कडेला घासत राहतं आणि बाईक आडवी होते. थोडं लांब जाऊन जमेल तेवढ्या काटकोनात या. कड चार बोटांहून उंच असेल तर जोडीदाराला उतरवा. यात कमीपणा नाही. चढावर गाडी वळवताना, चिखलात, ओढ्यातल्या दगडांवर, सगळीकडे हेच उत्तर आहे. वाहतं पाणी रस्त्यावर असेल आणि तळ दिसत नसेल तर मागे फिरा.

कुत्रा धावून आला तर तो तुम्ही पुढे कुठे असाल त्या बिंदूकडे धावतो. आधी हळू व्हा, तो जवळ येताच वेग वाढवून निघून जा. लाथ मारायला पाय काढू नका, मागच्यानेही नाही. गुरं दिसली तर पूर्ण हळू आणि त्यांच्या मागून जा, पुढून नको.

पावसाची पहिली दहा-पंधरा मिनिटं सगळ्यात वाईट. तेल आणि धूळ वर तरंगते. चहाला थांबायची हीच वेळ.

चढ, उतार

चढावर इंजिन धडधडायला लागायच्या आत खालचा गिअर टाका. वरच्या गिअरमध्ये अर्धा क्लच दाबून रेटत राहिलात तर क्लच प्लेटा जळतात आणि तो करपट वास एकदा आला की कुठलीही युक्ती चालत नाही, बाजूला थांबून गार होऊ द्यायचं. चढावर थांबून सुटताना मागच्या ब्रेकवर बाईक धरा, क्लच पकडू लागला की ॲक्सिलरेटर देत ब्रेक सोडा.

उताराला ज्या गिअरने चढला असतात त्याच गिअरने उतरा. ब्रेक सारखा दाबून ठेवू नका. थोडा वेळ ठाम दाबायचा, सोडायचा, गार होऊ द्यायचं. लिव्हर मऊ लागू लागली किंवा हँडलपर्यंत येऊ लागली तर ब्रेक ऑइल उकळायला लागलंय. तिथेच थांबा आणि किमान वीस मिनिटं बसा. डिस्कवर पाणी ओतू नका. न्यूट्रलमध्ये उतरून पेट्रोल वाचवण्याचा उद्योग डबलसीटला तर अजिबात नको.

पंक्चर

मागचं चाक गेलं तर मागची बाजू पोहल्यासारखी हलते. ॲक्सिलरेटर हळूहळू बंद करा, हँडल सरळ, मागचा ब्रेक टाळून पुढच्याने हलकेच थांबा. पुढचं गेलं तर उलट. जोडीदाराने हलायचं नाही.

ट्यूबलेस टायर असेल तर खिळा शोधा, तो कसा तिरपा गेलाय ते पाहून त्याच रेषेत ओढून काढा. कानशीसारखी सळई त्याच कोनात पाच-सहा वेळा आतबाहेर करा, नाहीतर पट्टी आत जात नाही. सुईच्या नेढ्यात रबरी पट्टी मध्यावर ओवा, सोल्यूशन लावा, दोन्ही टोकं सुमारे दीड सेंटिमीटर बाहेर राहतील इतकी आत ढकला आणि सुई झटक्यात ओढा. हवा भरा, थुंकी लावून बुडबुडे येतात का पाहा, टोकं ३-४ मिलिमीटर ठेवून कापा. टायरच्या बाजूच्या भिंतीला भोक असेल तर हे करू नका, पट्टी टिकत नाही. दुरुस्तीनंतर ६० च्या खाली चला आणि घरी आल्यावर आतून पॅच लावून घ्या. ट्यूबचा टायर असेल तर रस्त्यावर नवख्याला तो खोलणं कठीण. जोडीदाराला उतरवून, मदत मिळेल तिथवर बाईक ढकलणं बरं.

थांबे

दर ५० ते ६० मिनिटांनी, किंवा जोडीदार दुसऱ्यांदा सीटवर सरकला की. थकवा आधी मागे येतो. वाऱ्यात घाम जाणवत नाही, म्हणून तहान नसली तरी प्रत्येक थांब्यावर पाणी. दुपारचं जेवण हलकं, आणि त्यानंतर अर्धा तास झाडाखाली, कारण दोन ते चार ही डुलकीची वेळ आणि मागच्याला चालत्या बाईकवर झोप लागणं धोक्याचं आहे. बाईक उतारावर लावायची तर तोंड चढाकडे, पहिल्या गिअरमध्ये. माती मऊ असेल तर साइड स्टँडखाली चपटा दगड. परतीची वेळ ठरवताना सूर्यास्ताच्या दीड तास आधी घरी पोहोचायचं धरा, उशीर त्या दीड तासात जिरतो.

घरी आल्यावर

चेन गरम असतानाच पुसून तेल लावा, ते आत मुरतं. टायरमध्ये अडकलेले खडे, काचा काढा. सामानाचे पट्टे घासून कुठे वायर उघडी पडलीय का पाहा. जोडीदाराला विचारा की कंबर, गुडघे, बूड यातलं सगळ्यात आधी काय दुखलं. कंबर दुखली तर शॉकअपची खाच चुकली, गुडघे दुखले तर थांबे कमी पडले, बूड दुखलं तर पुढच्या वेळी सीटवर जेलची गादी. दुसऱ्या दिवशी एकट्याने बाईक काढण्याआधी शॉकअपच्या खाचा, हेडलाइटचा स्क्रू आणि मागच्या टायरची हवा पुन्हा एकट्याच्या मापावर आणा.